वगळलेल्या बायका

६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या शिलाई मशिनच्या खडखडाटात मला, तेव्हा कागदच बरा. आधी कामाचं बोलते, मग ख्यालीखुशाली, असं म्हणता म्हणता ख्यालीखुशाली राहूनच जाते हे मला माहीत आहे. या वेळीही तसंच होईल.

आमच्या कचेरीत कॅन्सरच्या प्रत्येक रोग्याची नोंद होते. वय काय, वस्ती कुठली, कुठल्या अवयवाचा. गेल्या काही वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की तुमच्या नदीकाठच्या वस्त्यांत पित्ताशयाचा कॅन्सर इतर भागांच्या कितीतरी पट आहे. पित्ताशय म्हणजे यकृताखाली लोंबणारी छोटी पिशवी, पित्त साठवायची. हा रोग पुरुषांपेक्षा बायकांना बराच जास्त होतो. बहुतेक रोगी बायकांच्या पिशवीत खडे सापडतात. पण नवल असं की खडे असलेल्या शंभर बायकांत हा रोग होतो एखादीला, तोही झाला तर. मग त्या एखादीलाच का? पाण्यात काही आहे, पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड आहे, तंबाखू आहे, वजन आहे, की घराण्यातच आहे?

हे शोधायची रीत साधी आहे. प्रत्येक रोगी बाईमागे तिच्याच गल्लीतल्या, तिच्याच वयाच्या, हा रोग नसलेल्या दोन बायका घ्यायच्या. सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे, सोनोग्राफी करायची, आणि फरक कुठे पडतो ते बघायचं. आमची नर्स दर बुधवारी तुमच्या आरोग्य केंद्रात बसते. रोगी बायका मिळाल्या, निरोगी मात्र एकही येत नाही. नर्स म्हणते, दार उघडतात, बसायला सांगतात, आणि नाही म्हणतात.

तुझ्या दुकानात सगळं गाव येतं. मला चांगल्या धडधाकट बायका मिळवून दे ना. वर्षअखेर हिशेब द्यायचा आहे, नाहीतर हा अभ्यास बासनात गुंडाळला जाईल.

आणि हो, तुझ्याकडे येणाऱ्या कुणाला तळलेलं खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखत असेल, कळ उजव्या खांद्यापर्यंत जात असेल, तर तिला सरळ डॉक्टरकडे पिटाळ.

तुझी मुंगी

१५ फेब्रुवारी

प्रिय मुंगीस अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

ख्यालीखुशाली विचारली नाहीस तरी सांगते, जिवंत आहे. लहानपणी माझ्याकडे होतीस तेव्हा साखरेच्या डब्यापाशी बसून मुंग्या मोजायचीस, आता कॅन्सर मोजतेस. तुझं नाव ठेवलं ते फुकट गेलं नाही.

तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. धडधाकट बाईला दवाखान्यात बोलावणं म्हणजे काय ते तुला कळत नाही. आजारी बाई एकवेळ येईल, तिला गरज आहे. धडधाकट बाई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडून कशाला बघा? आत काही निघालं तर? माझ्या दुकानात नवं काही शिवून मिळत नाही, लोकांचं जुनंच मी मापात बसवते. चेन बदलायची, पॅन्ट आखूड करायची, पडद्याला पट्टी लावायची. पण एक फायदा आहे. अर्ध्या उसवलेल्या कपड्याची मालकीण शिंपिणीला नाही म्हणत नाही. बघते काय जमतं ते.

तुझं पत्र वाचून मला आपली थोरली आठवली. माझी मोठी बहीण कावीळ होऊन गेली असं आम्ही आजवर सांगत आलो. डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवण नको, आणि सारखा उजव्या कुशीवर हात. पित्ताशयाचं नाव कुणी काढलं नाही. ती तुझ्या कुठल्या रकान्यात बसते ग?

मी खुशाल आहे. तळलेलं हल्ली सोडलंय, या वयात शोभत नाही. उजवा खांदा मधूनमधून धरतो, पण तो कात्रीमुळे. तीस वर्षं कात्री चालवणाऱ्या बाईचा खांदा नाही धरणार तर काय नाक धरणार?

तुझी आत्या

४ मार्च

प्रिय आत्या,

थोरल्या आत्याबद्दल वाचलं. ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. कावीळ हा रोगाचा एक दिसणारा भाग असतो, मूळ रोग वेगळाच असू शकतो. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी असते, ती कशाने तरी बंद झाली की पित्त रक्तात उतरतं आणि डोळे पिवळे होतात. खड्याने बंद होते, पित्ताशयाची गाठ वाढून होते, नळीच्याच कॅन्सरनेही होते. तो नळीचा कॅन्सर काही देशांत नदीतली कच्ची मासळी खाणाऱ्यांना होतो, तिच्यातून गेलेला किडा नळीत घर करतो. एके ठिकाणी तर छापखान्यात शाई पुसायच्या रसायनाने तरुण कामगारांना तो झाला होता. थोरल्या आत्याला नेमकं काय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तिच्यासारख्या कितीतरी बायका 'कावीळ' एवढ्याच शब्दाखाली गेल्या असतील, म्हणून आमचे जुने आकडे नेहमी कमी भरतात.

बायकांचं बघतेस ना? नर्सला तुझ्या दुकानाचा पत्ता दिला आहे. खांद्याचं म्हणशील तर कात्रीला धार लावून घे, बोथट कात्रीला जोर जास्त लागतो.

घाईत आहे.

तुझी मुंगी

२८ मार्च

प्रिय मुंगीस,

कात्रीला धार लावली.

आता बातमी ऐक. या महिन्यात तुझ्या नर्सकडे बुधवारी रांग लागली होती. तिने मला विचारलं, आत्या, जादू केलीत काय? जादू कसली! मी बायकांना सांगितलं, तपासून आलीस की पॅन्ट मिळेल. आणि उगाच कुणालाही पाठवलं नाही हं. तू धडधाकट म्हणालीस, तशाच निवडल्या. दुरुस्तीला घेताना मी कापड उजेडात धरून बघते, तशी एकेकीला बघून घेतली. पोट दुखतं का? आडवी होऊन राहतेस का? खडे-बिडे निघाले होते का? हो म्हणाली की तिला म्हणायचे, तू राहू दे बाई. एकही विरलेली पाठवली नाही तुझ्याकडे.

शेजारची भोंगा तुला आठवत असेल. आपल्या अंगात कुठे काय दुखतं ते चौकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणारी. पडद्याच्या पट्टीवरून आमचं वाजलं तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही, ती माझ्याशी बोलत नाही, बाकी सगळ्या जगाशी बोलते. ती दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना नेतायत, आम्हाला कुणी विचारत नाही. मी मान वर केली नाही. तिला पाठवली असती तर नर्सचा सगळा बुधवार तिच्या पोटदुखीतच गेला असता.

नर्स मलाही म्हणाली, तुमचंही करून टाकू. मी म्हटलं, मी घरची, मी चालत नाही. बरोबर ना?

तुझी आत्या

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझे आभार कसे मानू, आणि आता जे लिहायचंय ते कसं लिहू, दोन्ही कळत नाही. लिहितेच.

तू पाठवलेल्या सगळ्या बायकांची तपासणी झाली. एकीच्याही पित्ताशयात खडा नाही. एकीचंही कधी पोट दुखलेलं नाही. आत्या, इतक्या निरोगी बायका जगातल्या कुठल्याच गल्लीत नसतात. तुमच्याकडे त्या वयाच्या आठ-दहा बायका उभ्या केल्या तर एखादीकडे तरी खडे निघायलाच हवेत.

चूक माझी आहे. मी 'धडधाकट' लिहिलं. मला धडधाकट नको होत्या, जशा असतात तशा हव्या होत्या. पोट दुखणाऱ्या, खडे असलेल्या, रडक्या, लठ्ठ, सगळ्या. त्यांना फक्त हा एक रोग नसला की झालं. नुसत्या निवडक दणकट बायकांशी तुलना केली तर प्रत्येक खडा खुनी दिसेल, आणि गावोगावच्या बायका उगाच घाबरतील. म्हणजे शंभरातली ती एखादी ओळखायची सोडून आम्ही शंभरही जणींच्या मागे लागू.

हा सगळा गट बाजूला ठेवावा लागणार. आता गल्लीतल्या घरांतून चिठ्ठ्या टाकून बायका काढू, तुझ्या-माझ्या पसंतीचा संबंध नाही. पण त्याआधी मला समजून घ्यायचं आहे. तू कुणाकुणाला वगळलंस आणि का, तेवढं लिहून पाठव. राग मानू नकोस.

तुझी मुंगी

५ मे

मुंगे,

राग मानला. दोन दिवस मानला, मग कंटाळा आला.

आमच्याकडे म्हणायचे, करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तसं झालं. विचारतेस तर ऐक. पोस्टातल्या बाईला वगळलं, तिचे खडे तीन वर्षांपूर्वी निघालेत आणि ती ते डॉक्टरने दिलेल्या बाटलीत घालून टीव्हीवर ठेवते. शाळेच्या मुख्याध्यापिकेला वगळलं, ती जेवली की पोटाला गरम पाण्याची पिशवी लावते. भाजीवालीच्या सासूला वगळलं, तिला पूर्वी टायफॉइड झाला होता आणि तू पत्रात टायफॉइड लिहिला होतास. भोंगाला का वगळलं ते सांगितलंच आहे.

शेवटची मी.

तळलेलं मी वयामुळे सोडलं नव्हतं. खाल्लं की उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं, घाम सुटतो, आणि कळ खांद्यात जाते. दोन वर्षं झाली. मशिनवर पुढे वाकलं की बरं वाटतं म्हणून गिऱ्हाईक नसतानाही मी वाकून बसते. लोक म्हणतात काय कष्टाळू बाई आहे.

तुला सांगितलं नाही असं म्हणू नकोस. खांदा लिहिला होता. तू लिहिलंस, कात्रीला धार लाव.

थोरलीला तिच्या दुखण्याचं नाव कळलं नव्हतं, ती शेवटपर्यंत 'बरी होईन' म्हणत होती. मला नाव तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं. ते पत्र घडी करून मशिनच्या खणात ठेवलं आणि दुसऱ्या बायका गोळा करायला लागले. त्या सगळ्या निरोगी निघाल्या की वाटायचं, बघ, या गावात काही नाही. भीती वाटते ग मला. हे मोठ्याने कुणाजवळ बोलू? शेजारी भोंगा आहे.

आत्या

९ मे

आत्या,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीच ती. खांद्याचं वाक्य पुन्हा काढून वाचलं. ते दुसऱ्या कुठल्या बाईने लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी फोन लावला असता.

शुक्रवारच्या गाडीने येतेय. बुधवारची वाट बघायची नाही, चिठ्ठीत नाव यायची तर नाहीच. तुझी सोनोग्राफी अभ्यासासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. दुकानाला पाटी लाव.

मलाही भीती वाटते. दोघी मिळून घाबरू.

मुंगी

२० जून

प्रिय मुंगीस,

तू गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. टाके वाळले. पित्ताशय काढलं ते दुर्बिणीतून, म्हणून चार बारीक भोकं, मी असल्या भोकांना रफूसुद्धा करत नाही. काल दोन घास तळलेले खाल्ले आणि मूठ आवळली नाही. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

सर्जनने खड्यांची बाटली दिली. पोस्टातल्या बाईच्या खड्यांपेक्षा माझे मोठे आहेत, तिला दाखवून आले. पण बाटली बघितली की मला ती दुपार आठवते. सोनोग्राफीत एका जागी पिशवीची भिंत जाड दिसली, म्हणून तू सर्जनला म्हणालीस, पिशवी तपासायला पाठवा. तो म्हणाला, तेवढी जाडी खड्यांनी येतेच, इथे आम्ही खडे देतो, पिशवी कशाला? तू ऑपरेशनच्या दाराशी खुर्ची ओढून बसलीस आणि म्हणालीस, मग मीही इथेच बसते. गुंगी पुरती उतरली नव्हती तरी मला तेवढं ऐकू आलं, फोनवर न ऐकू येणाऱ्या बाईला! लहानपणी औषध घ्यायचं नसलं की तू अशीच बसायचीस.

अहवाल तुझ्याकडे येणार आहे. जे असेल ते लिहून कळव. फोन करू नकोस. कागद दोनदा वाचता येतो.

तुझी आत्या

२ जुलै

प्रिय आत्या,

अहवाल आला.

कॅन्सर होता. पित्ताशयाच्या सगळ्यात आतल्या थरात, जाड दिसलेल्या जागी. त्या थराच्या बाहेर गेलेला नाही, आणि पिशवी पूर्ण निघाली आहे. इतक्या लवकर सापडला तर पिशवी काढणं हाच बहुतेक वेळा पुरेसा उपाय असतो. इथल्या दोन डॉक्टरांना वेगवेगळं विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. दर काही महिन्यांनी तपासणीला यावं लागेल. मी 'बहुतेक वेळा' लिहिलंय, 'नक्की' लिहिलेलं नाही, कारण तुला खोटं लिहिणार नाही. पण आशा भरपूर आहे, आणि तीही खोटी नाही.

हा रोग असा वेळेवर क्वचितच सापडतो. सापडतो तेव्हा थोरल्या आत्यासारखे डोळे पिवळे झालेले असतात. ती पिशवी बादलीत गेली असती तर बाटली टीव्हीवर राहिली असती आणि आपण दोघी निर्धास्त राहिलो असतो. अहवाल वाचून मी कचेरीच्या जिन्यात बसून रडले. आनंदाने की भीतीने, ते नंतर ठरवू.

एक कामाचं. तुझी नोंद आमच्याकडे आलीच. ती मी सहकाऱ्याकडे सोपवली, माझा हात त्याला लागणार नाही. मला वाटलं होतं, नात्यातली म्हणून तुला अभ्यासातून वगळावं. तो म्हणाला, त्या वस्तीतली प्रत्येक रोगी बाई घ्यायची असं आपणच ठरवलंय, आवडती म्हणून वगळणं हेही निवडणंच झालं. बरोबर आहे त्याचं. नर्स येईल. तुझी इच्छा असेल तरच हो म्हण, आणि हो म्हणालीस तर सगळं खरं सांग.

तुझी मुंगी

२६ ऑगस्ट

प्रिय मुंगीस,

पत्र दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग दुकान उघडलं, कारण बाकी काय करणार? 'बहुतेक वेळा' या शब्दाबरोबर राहायची सवय करतेय. वाईट नाही तो.

नर्स आली. मी हो म्हटलं. दुखत होतं का, हो. किती दिवस, दोन वर्षं. घरात कुणाला, बहिणीला, पण नक्की माहीत नाही. तिने तसंच लिहिलं. थोरली निदान 'माहीत नाही'मध्ये तरी बसली, मला फार बरं वाटलं.

मग माझ्यामागच्या दोन बायकांसाठी चिठ्ठ्या काढल्या. पहिली मुख्याध्यापिका. दुसरी कोण असेल? भोंगा!

नर्स तिच्याकडे गेली तर तिने दार लावून घेतलं. म्हणाली, तेव्हा नको होते, आता कशाला? नर्स हात हलवत परत आली. चिठ्ठी आपल्या मर्जीने बदलता येत नाही म्हणाली, बाईनेच नकार दिला तर पुढची काढायची, पण असं करत राहिलं तर पुन्हा आपल्याला आवडतील त्याच उरतात. मग मी उठले. इतक्या वर्षांनी तिच्या दाराची कडी वाजवली.

तिने उघडलं आणि पहिल्यांदाच हळू बोलली.

"माझं पोट दुखतं म्हणून तू मला नेलं नाहीस ना?"

"हो," मी म्हटलं.

"खरंच दुखतं ग. कुणाला खरं वाटत नाही."

"माझंही दुखत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, एवढाच फरक."

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "ती पट्टी वाकडीच लावली होतीस." मी म्हटलं, "वाकडीच होती." ती चप्पल घालायला आत गेली.

बुधवारी मी तिच्याबरोबर गेले. ती आत असताना तिची पर्स मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले. मुंगे, माझ्या स्वतःच्या वेळी मी इतकी घाबरले नव्हते. जिला आपणच दाराबाहेर ठेवलं होतं, तिच्या पोटात काही निघालं तर? आतून तिचा आवाजही येत नव्हता. भोंगाचा आवाज येत नाही म्हणजे काय ते तुला कळेल.

ती बाहेर आली. खडे आहेत. भिंत साफ आहे, दुसरं काही नाही. दुखतं म्हणून पुढच्या महिन्यात पिशवी काढायला सांगितलीय. म्हणजे तुला हवी होती तशी बाई मिळाली, खडे असलेली आणि हा रोग नसलेली. मीच तुझ्यापासून लपवून ठेवली होती.

केंद्रातून निघालो तेव्हा मी तिला पिशवीचं सांगितलं. सर्जन खडे देईल, ते घे, पण पिशवी तपासायला पाठवायला सांग. नाही म्हणाला तर दाराशी खुर्ची टाकून बसणारी माणसं आमच्याकडे आहेत. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग भाजीवालीच्या सासूला सांगितलं. मग पोस्टाच्या खिडकीतून आत तोंड घालून सांगितलं. मग चौकात उभी राहून तिच्या त्या आवाजात सांगितलं की पिशवी फेकू देऊ नका ग, बायांनो, पिशवी तपासायला द्या! पलीकडच्या गल्लीतल्या बायका गॅलरीत आल्या.

घर येईपर्यंत ती थांबली नाही, आणि मी तिला एकदाही हळू बोल म्हटलं नाही.

तुझी आत्या